उद्योजक प्रांताचा कारभारी झाला तर? (संदर्भ: व्हिताली किम, मिकोलाइव्ह)

अनघा_त

एखादा उद्योजक राजकारणात उतरला की 'आता बघा, कारभार कंपनीसारखा चालेल' म्हणणारे आपल्याकडे चिक्कार. मला या म्हणण्याबद्दल कायम शंका येते. हवेतल्या गप्पा नकोत म्हणून एक खराखुरा माणूस घेते: व्हिताली किम, युक्रेनच्या दक्षिणेकडच्या मिकोलाइव्ह प्रांताचा प्रमुख.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म मार्च १९८१, मिकोलाइव्हचाच. वडिलांकडून कोरियन वंशाचा. तिथल्याच जहाजबांधणी विद्यापीठात शिकला, पण विषय अर्थशास्त्र. मग रेस्टॉरंट, बांधकाम वगैरे धंदे. २०१९ला झेलेन्स्की निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांच्या प्रचाराचं स्थानिक काम पाहिलं आणि २५ नोव्हेंबर २०२०ला झेलेन्स्कींनी त्याला प्रांतप्रमुख नेमलं. त्यानंतर पंधरा महिन्यांत रशियाचं सैन्य दारात.

पुढे तो जगभर गाजला. माझा प्रश्न एवढाच: गाजला तो धंद्यात घडल्यामुळे की युद्धामुळे? युद्ध झालंच नसतं तर हा माणूस कुणाच्या लक्षात राहिला असता का?

मिर्चीभजी

पहिला! (वाचून मग मत देतो.)

राजाभाऊ_नगर

चर्चा भरकटायच्या आधी एक गोष्ट. तिथला प्रांतप्रमुख म्हणजे आपला राजभवनातला राज्यपाल नव्हे, आणि अमेरिकेसारखा निवडून आलेला गव्हर्नरही नव्हे. युक्रेनमध्ये असे २४ प्रांत आहेत, त्यांना ओब्लास्त म्हणतात. मंत्रिमंडळाने नाव सुचवायचं, राष्ट्राध्यक्षाने नेमायचं आणि मनात आलं की काढायचं. शहराचा महापौर मात्र लोक निवडतात. आपल्याकडचं बोलायचं तर खुर्ची विभागीय आयुक्ताची, पण बसलेला माणूस स्पर्धा परीक्षेतून आलेला नाही, वरच्याच्या मर्जीतला. युद्ध सुरू झालं त्या दिवशी या कचेऱ्यांचं रूपांतर लष्करी प्रशासनात झालं, म्हणजे अधिकार आणखी वाढले.

त्यामुळे 'उद्योजकाला जनतेने कौल दिला' हा मुद्दा इथे येतच नाही. कौल झेलेन्स्कींना होता, किमला चिठ्ठी.

सोनचाफा

मला तो आठवतो मोबाइलवर काढलेल्या त्या व्हिडिओंमुळे. हिरवं जॅकेट, खुर्चीत रेलून बसलेला, चेहऱ्यावर मिश्कील हसू आणि सुरुवातीला ठरलेलं वाक्य: 'शुभ संध्या, आम्ही युक्रेनचे!' ते इतकं पसरलं की तिथल्या टपाल खात्याने २०२२च्या जुलैमध्ये त्या वाक्याचं तिकीटच काढलं. तिकिटावर ट्रॅक्टर रणगाडा ओढून नेतोय.

वाटसरू७

रील काढणारे पुढारी आपल्याकडेही पैशाला पासरी आहेत हो. त्याला कारभार म्हणायचं का?

सोनचाफा

@वाटसरू७, तारखा बघा आणि मग बोला. २ मार्च २०२२ला खेर्सन पडलं. तिथून मिकोलाइव्ह जेमतेम ६०-६५ किमी. मिकोलाइव्हमध्ये दक्षिण बुग नदीवरचा पूल, आणि तो पूल ओलांडला की रस्ता सरळ ओडेसाला. शहरात युद्धाआधी पावणेपाच लाखांच्या आसपास वस्ती. लोक सामान बांधताहेत, अफवा उडताहेत, शेजारच्या प्रांताची राजधानी गेली आहे. अशा वेळी प्रमुख रोज संध्याकाळी समोर येऊन 'आम्ही इथेच आहोत, आज असं असं झालं' सांगतो, हे कामच आहे. त्याच काळात त्याने लोकांना जुने टायर चौकाचौकांत आणून टाकायला सांगितले होते, रणगाडे आले तर पेटवून धूर करायला. लोकांनी ढीग लावले. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या सांगण्यावरून कोण टायर ओढत नेतं?

वाटसरू७

शहर वाचवलं सैन्याने. बचावाची सूत्रं जनरल मार्चेन्को यांच्याकडे होती. वायव्येकडे वोझ्नेसेन्स्कला रशियाची तुकडी अडवली तीही सैनिकांनी आणि गावकऱ्यांनी. गोळ्या झेलणारे वेगळे, कॅमेऱ्यापुढचा वेगळा.

बाष्पक

मिकोलाइव्हचं नाव दिसलं आणि राहवलं नाही. थोडं अवांतर होईल.

माझी नोकरी मुंबईत जहाजांच्या इंजिन-खोलीत गेली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या तोंडी हे नाव 'निकोलायेव' असं. आपल्या नौदलाच्या राजपूत वर्गाच्या पाचही विनाशिका तिथल्याच ६१ कम्युनार्ड्स गोदीत बांधलेल्या. 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका रशियाकडून घेतली म्हणून सगळे तिला रशियन समजतात, पण मूळची 'बाकू' म्हणून तिचा सांगाडा उभा राहिला याच शहरात, काळा समुद्र गोदीत. आणि माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या दिल्ली, कोलकाता, विशाखापट्टणम या वर्गांच्या विनाशिकांना पुढे ढकलणारी गॅस टर्बाइन्स कुठली? झोर्या-माशप्रोएक्ट, मिकोलाइव्ह. तिथली माणसं कामाला यायची तेव्हा टर्बाइनच्या आवरणाला कान लावून बेअरिंगबद्दल सांगायची. आम्ही हसायचो, मग मोजमाप घेतलं की हसू बंद.

सोव्हिएत काळात हे शहर परदेशी माणसांना बंद होतं. युनियन फुटल्यावर मोठ्या जहाजांच्या मागण्या आटल्या, गोद्या ओस पडत गेल्या. किमची पिढी त्या पडझडीत वाढली. जहाजबांधणी विद्यापीठात जाऊन पोरगा अर्थशास्त्र का घेतो आणि पुढे रेस्टॉरंट का काढतो, याचं उत्तर मला वाटतं तिथेच आहे. जहाजं बांधायला उरली कुठे होती?

जाता जाता: एप्रिल २०२२ला युक्रेनने बुडवलेली रशियाची 'मॉस्क्वा' क्रूझर, तीही याच ६१ कम्युनार्ड्स गोदीची.

मिर्चीभजी

म्हणजे माहेरच्यांनीच बुडवली की!

अनघा_त

मिर्ची, 😂. बाष्पक काका, असं अवांतर रोज चालेल.

दर्याकिनारी

आमच्या रत्नागिरीकडल्या घरांत मिकोलाइव्ह माहीत झालं ते वेगळ्याच कारणाने. युद्ध लागलं तेव्हा त्या बंदरात मालवाहू जहाजांवर ७५ भारतीय खलाशी अडकले होते. पाण्यात सुरुंग, त्यामुळे जहाज हलवता येईना. बाहेर गोळीबार, त्यामुळे उतरता येईना. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वकिलातीने बसगाड्या करून त्यातल्या बहुतेकांना बाहेर काढलं. आमच्या आळीतला एक पोरगा त्याच सुमारास शेजारच्या बंदरात होता, त्याची आई रोज रात्री फोन हातात धरून बसायची. त्या माउलीला किम-बिम कुणी माहीत नव्हता, पण आम्ही पोरं मात्र त्या व्हिडिओंची भाषांतरं शोधून वाचायचो. रस्ता चालू आहे का, पूल चालू आहे का, एवढंच बघायला.

वाटसरूभाऊ, म्हणून सांगतो, तो कॅमेरा अगदीच फुकट नव्हता.

आश्विनी_ड

कचेरीवरच्या हल्ल्याचं कुणी लिहिलंच नाही. २९ मार्च २०२२, सकाळी पावणेनऊच्या सुमारास क्षेपणास्त्र थेट प्रांताच्या मुख्यालयावर पडलं. नऊ मजली इमारत, मधोमध वरपासून खालपर्यंत भगदाड. ३७ माणसं गेली. किमचं दालनही त्यातच होतं. त्या दिवशी उशिरा उठल्यामुळे पोहोचलो नव्हतो, असं त्याने स्वतःच सांगितलं.

मला यात एक प्रश्न कायम सतावतो. ज्याचा चेहरा रोज जगभर दिसतोय, त्याची कचेरी शत्रूच्या यादीत असणार हे उघड होतं. मग युद्धाच्या पाचव्या आठवड्यात त्याच इमारतीत कर्मचारी कामाला का येत होते?

राजाभाऊ_नगर

कारण पगार, औषधं, निर्वासितांची नोंद, गाड्यांचे परवाने हे कुठून तरी चालवावंच लागतं. तरी प्रश्न रास्त आहे. बाकीच्या प्रांतांत बऱ्याच कचेऱ्या तळघरांत, दुसऱ्या इमारतींत हलल्या होत्या.

रानमेवा

कोरियन आडनावावर कुणीच काही लिहीना म्हणून मी लिहिते. सोव्हिएत संघातल्या कोरियन लोकांना 'कोर्यो-साराम' म्हणतात. ते मुळात रशियाच्या अतिपूर्व टोकाला, व्लादिवोस्तोकच्या बाजूला वसलेले शेतकरी. १९३७ला स्टालिनने 'हे जपानचे हेर होतील' या संशयावरून सुमारे १ लाख ७२ हजार लोकांना गाड्यांत कोंबून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन सोडलं. पुढे बंधनं सैल झाल्यावर काही कुटुंबं युक्रेनच्या दक्षिणेला कांदा-कलिंगडाच्या शेतीसाठी आली.

तिथे 'किमची' या कोरियन लोणच्यासाठी लागणारा चिनी कोबी मिळेना, मग त्यांनी गाजर घेतलं. लांब बारीक किसलेलं गाजर, मीठ, व्हिनेगर, लसूण, लाल तिखट, भरपूर धणेपूड आणि वरून कडकडीत तापवलेलं तेल. आज जुन्या सोव्हिएत मुलखात कुठल्याही बाजारात 'कोरियन गाजर' मिळतं, आणि कोरियातल्या माणसाला ते ठाऊकही नसतं.

सोनचाफा

वरून कडकडीत तेल म्हणजे फोडणीच ना! मोहरी घातली तर चालेल का?

रानमेवा

घाल, पण मग तिला कोरियन म्हणू नकोस, कोशिंबीर म्हण.

वाटसरू७

धागा पाककृती विभागात हलवावा ही विनंती.

राजाभाऊ_नगर

मूळ प्रश्नाकडे येतो. किम हे सोपं उदाहरण आहे, त्याच्या धंद्याचा पसारा गावापुरता होता. खरी परीक्षा बघायची तर इहोर कोलोमोइस्की घ्या.

प्रिव्हाटबँकेचा सहसंस्थापक, तेल, मिश्रधातूंचे कारखाने, विमान कंपनी, शिवाय '१+१' ही मोठी दूरचित्रवाहिनी. फेब्रुवारी २०१४ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच पळाले आणि २ मार्चला हंगामी सरकारने याला द्निप्रोपेट्रोव्हस्क प्रांताचा प्रमुख केलं. शेजारच्या दोनेत्स्कला पोलाद उद्योगातले सेर्ही तारुता. विचार असा की पूर्वेकडे सरकारी यंत्रणा कोसळते आहे, तर ज्यांची तिथे माणसं, पैसा आणि वजन आहे त्यांनाच खुर्ची द्या.

कोलोमोइस्कीने काय केलं? घुसखोर पकडून देणाऱ्याला १० हजार डॉलर जाहीर केले. स्वयंसेवकांच्या तुकड्यांना पैसा पुरवला. दोनेत्स्क, लुहान्स्क हातचे गेले, द्निप्रो राहिलं. तोवर लोक त्याला डोक्यावर घेत होते. दोनेत्स्कला तारुतांना मात्र हे जमलं नाही. ऑक्टोबर २०१४ला त्यांना हटवलं, म्हणजे नुसता पैसेवाला असून भागत नाही.

मग मार्च २०१५. उक्रनाफ्ता या तेल कंपनीत सरकारचा वाटा ५० टक्के अधिक एक समभाग, याच्या गटाचा ४२ टक्क्यांच्या आसपास. पण सभेला ६० टक्के गणसंख्या लागायची. म्हणजे हा आला नाही तर मालक असूनही सरकारला सभाच घेता येईना. संसदेने गणसंख्येची अट खाली आणली. त्याच आठवड्यात तेलवाहिन्यांच्या सरकारी कंपनीतला त्याच्या मर्जीतला प्रमुख बदलला. प्रांतप्रमुख महाशय रात्री माणसं घेऊन राजधानीतल्या त्या कंपनीच्या कचेरीत शिरले आणि बाहेर येताना पत्रकाराला कॅमेऱ्यासमोर अर्वाच्य शिव्या घातल्या. २५ मार्चला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पोरोशेन्को यांनी राजीनामा मंजूर केला.

डिसेंबर २०१६ला प्रिव्हाटबँकेचं राष्ट्रीयीकरण, कारण ताळेबंदात साडेपाच अब्ज डॉलरचं भोक. सप्टेंबर २०२३ला फसवणूक आणि पैशांच्या अफरातफरीच्या संशयावरून अटक. २०२५च्या जुलैमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानेही बँकेच्या बाजूने निकाल दिला.

तर अनघाताई, 'कंपनीसारखा कारभार' म्हणजे हा. प्रांत आणि कंपनी यांत फरकच उरला नाही.

मिर्चीभजी

यांच्याकडे युक्रेन, इस्रायल आणि सायप्रस असे तीन पासपोर्ट होते म्हणे. घटनेत दुहेरी नागरिकत्वाला बंदी आहे, तिहेरीबद्दल काही लिहिलेलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद. असा वकील आपल्या सोसायटीच्या कमिटीत पाहिजे. कचेरीतल्या काचेच्या टाकीत शार्क पाळले होते ते वेगळंच.

फुटबॉलवेडा

द्निप्रोचा क्लब त्याचाच. राजीनाम्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०१५ला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात सेव्हियाकडून २-३ हरला. पुढे पैसे थकले, क्लब खालच्या विभागांत घसरला आणि संपला. खेळाडूंना विचारा कंपनीसारखा कारभार कसा असतो ते.

आश्विनी_ड

राजाभाऊ, तुमचं उदाहरण जोरदार आहे पण त्यातून उलटंही सिद्ध होतं. त्याच माणसाने, त्याच पैशाने २०१४ला प्रांत वाचवला ना? तेव्हा कुठला प्रामाणिक सनदी अधिकारी तेवढ्या वेगाने तुकड्या उभ्या करणार होता?

राजाभाऊ_नगर

वाचवला. आणि त्याची वसुली करायला गेला. खासगी पैशातून उभी राहिलेली सशस्त्र माणसं उद्या कुणाचं ऐकणार, हा प्रश्न पोरोशेन्कोंना पडला तो उगाच नाही.

नळपाणी

इतकं वाचलं, पण मिकोलाइव्हच्या पाण्याबद्दल एक ओळ नाही. मी पाणीपुरवठ्यातला माणूस, म्हणून माझा हिशेब तिथूनच.

शहराचं पाणी नीपर नदीतून यायचं, ७० किमीहून लांब जलवाहिनीने. उपसा खेर्सनकडच्या बाजूला, म्हणजे रशियन ताब्यातल्या मुलखातून. १२ एप्रिल २०२२ला वाहिनी फुटली. दुरुस्ती करायला तिथे जाणार कोण? महिनाभर नळ कोरडे. पावणेपाच लाखांच्या शहरातले निम्मेअधिक लोक निघून गेले होते, तरी उरलेल्यांना संडासाला, आग विझवायला, हिवाळ्यात घरं तापवायच्या यंत्रणेला पाणी हवंच. म्हणून बुग नदीच्या खाडीचं खारं पाणी नळांत सोडलं. प्यायचं पाणी टाक्यांवर रांगा लावून.

आता ज्यांना यातलं कळतं त्यांना पुढचं सांगायला नको. क्लोराइडयुक्त पाणी जुन्या पोलादी नळांत सोडलं की काही महिन्यांत भोकं पडायला लागतात. एक गळती बुजवली की पुढे दोन. नोव्हेंबर २०२२ला खेर्सन सुटलं, टाळ्या वाजल्या, पण मिकोलाइव्हच्या नळाला खारटच पाणी राहिलं; कारण नदीचा पलीकडचा काठ रशियाकडे आणि तोवर शहरातलं जाळंही सडलेलं. जून २०२३ला काखोव्का धरण फोडलं गेलं आणि नीपरच्या पाण्याचं सगळं गणितच बदललं.

मी असतो तर खारं पाणी सोडलं असतं का? सोडलं असतं. नळ कोरडे ठेवले तर सांडपाण्याची व्यवस्था बंद पडते आणि साथ येते. पण त्या दिवसापासून नवी वाहिनी आणि गावातले नळ बदलण्याचा आराखडा हाच प्रांताचा पहिला कागद असायला हवा होता. लोकांच्या तक्रारी नेमक्या याच होत्या: व्हिडिओ रोज, पाणी कधी?

सोनचाफा

पाणी शहराच्या संस्थेकडे, म्हणजे महापौर सेंकेविच यांच्याकडे येतं ना? (तेही आयटी उद्योगातून आलेले, पण निवडून.) शिवाय डेन्मार्कने मिकोलाइव्हचं पालकत्व घेतलं, पंप आले, शुद्धीकरणाची यंत्रं आली. जानेवारी २०२३ला डेन्मार्कच्या पंतप्रधान स्वतः झेलेन्स्कींबरोबर तिथे जाऊन आल्या. परदेशी सरकारला एका प्रांतासाठी मन वळवणं, त्यात चेहरा ओळखीचा असण्याचा उपयोग होतोच.

नळपाणी

पंप महापालिकेचा, वाहिनी प्रांताची, निधी केंद्राचा. हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय, फक्त मराठीत.

वाटसरू७

@नळपाणी +१. आता माझं दुसरं दुखणं. ऑगस्ट २०२२ला शुक्रवार रात्रीपासून सोमवार पहाटेपर्यंत अख्खं शहर बंद ठेवलं, घराघरांत झडती, रशियाला ठिकाणं कळवणारे शोधायला. त्याआधी खबर देणाऱ्याला १०० डॉलर जाहीर केले. युद्ध आहे, फितुरीही खरी आहे, सगळं मान्य. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याची खबर द्यायची आणि वर बक्षीस, हे धंद्यातलं डोकं. प्रोत्साहन ठेवा, माल येईल.

दर्याकिनारी

कोलोमोइस्की १० हजार, किम १००. भाव फार उतरला.

बाष्पक

एक नाव राहून जातंय. ओलेक्सी वदातुर्स्की. १९९१ला त्यांनी निबुलोन ही धान्य कंपनी काढली, नदीकाठाने कोठारं बांधली, तराफे आणि नौका स्वतःच्या गोदीत बांधल्या. मिकोलाइव्हच्या मेलेल्या जहाजबांधणीत थोडी धुगधुगी राहिली ती त्यांच्यामुळे. युद्ध लागल्यावर शहर सोडलं नाही. ३१ जुलै २०२२ला पहाटे क्षेपणास्त्र त्यांच्या घरावर पडलं, नवरा-बायको दोघं गेले.

प्रांताच्या पोटापाण्याचं त्यांनी जेवढं केलं तेवढं बऱ्याच प्रमुखांनी मिळून केलं नसेल, आणि ती खुर्ची त्यांना लागली नाही. उद्योजकाने धंदा नीट केला तर प्रांताला पुरतं, असं मी म्हणेन.

राजाभाऊ_नगर

अजून एक नमुना: वालेन्तिन रेझ्निचेन्को. जाहिरात-माध्यमांच्या धंद्यातून आलेले, कोलोमोइस्कींनंतर द्निप्रोपेट्रोव्हस्कची तीच खुर्ची. दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात ती सांभाळली. युद्धात रोज संयत शब्दांत माहिती द्यायचे, चेहरा सोज्वळ. रस्त्यांच्या कंत्राटांवरून आरोप झाले आणि जानेवारी २०२३ला एकाच दिवशी पाच प्रांतप्रमुख हटवले गेले त्यात तेही होते. किम त्या यादीत नव्हता, ही त्याची जमेची बाजू धरा.

अनघा_त

सगळ्यांचे आभार, गाजरासकट. पण मंडळी, माझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला कुणीच हात लावला नाही. नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२२ या पंधरा महिन्यांत किमने काय केलं? सगळी चर्चा २४ फेब्रुवारीपासून सुरू होते. मला तर वाटतं उत्तर तिथेच आहे: त्या काळात तो इतर तेवीस जणांसारखाच होता, आणि धंद्याने त्याला दिलं ते पटकन निर्णय घेणं आणि लोकांशी सरळ बोलणं. तेवढं युद्धात पुरलं, पाण्याला पुरलं नाही.

सोनचाफा

अनघा, 'पुरलं नाही' असं म्हणताना पलीकडच्या काठावर तोफा होत्या हे विसरू नकोस. त्याच्याच प्रांतातलं, खाडीच्या तोंडावरचं किनबुर्न टोक रशियाच्या हाती राहिल्याने मिकोलाइव्ह बंदरातून जहाज निघू शकलं नाही. युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर जाऊ देण्याच्या जुलै २०२२च्या करारातही ओडेसाच्या बाजूची तीन बंदरं होती, हे नव्हतं. बंदर बंद म्हणजे प्रांताचं उत्पन्न बंद. त्यात कुठला उद्योजक आणि कुठला सनदी अधिकारी वेगळं काय करणार?

नळपाणी

नळ बदलणार. त्याला बंदर उघडायची वाट बघावी लागत नाही.

मिर्चीभजी

मी वाचून झालो. मत: महापौर निवडून आलेला असावा, प्रांतप्रमुख नेमलेला असावा आणि नळपाणी काका दोघांच्या वर असावेत.